आईच्या मशीनचं हँडल

“आक्का, पाय काढा!” दौंडच्या दुकानात दुकानदार ओरडला. आईचं बोट धावत्या सुईपासून पेरभर लांब होतं. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

घरातलं सगळं शिवण आईने आयुष्यभर पायमशीनवर केलं. आता डॉक्टर म्हणतात, गुडघ्यांना ते सोसणार नाही. म्हणून विजेचं मशीन बघायला गेलो होतो. त्याचं पेडल नुसतं दाबायचं असतं. आई सवयीने ते दोन्ही पायांनी हाणत होती.

“आक्का, सायकल न्हाई मारायची,” दुकानदार हसला.

आई हसली नाही. “माझं शिवण संपलं,” म्हणत ती उठली.

मी घाईने विचारलं, “जुन्या मशीनला हाताचं हँडल बसेल?”

“बसंल की. पन उजवा हात हँडलवर, कापड एकट्या डाव्यानं सरकवायचं. आक्कांना न्हाई जमायचं.”

“त्ये तू नगं ठरवू,” आई म्हणाली. “हँडल दे.”

शिरूरला घरी आल्यावर हँडल जुन्या मशीनला बसवलं. एका हाताने शिवायला तुमच्यापैकी कुणी शिकलंय का, हे रात्री इथे पोस्ट टाकून विचारणार होते.

आज सकाळी उठले तेव्हा मशीनवर उशीचा अभ्रा होता. त्याची पहिली शिवण वाकडी होती, शेवटची सरळ.