परातीतली तिसरी अंगठी

आता माझा हा शहाणपणा कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? पण चहा पाजताय, तर ऐकाच.

माझ्या पुतणीचं, प्राजक्ताचं, लग्न डोंबिवलीत झालं आणि वरात गेली माजिवड्याला, चौदाव्या मजल्यावर. पाठराखीण म्हणून माझी बायको सुनंदा गेलेली. आणि तिची पाठराखण करायला मी! मला कुणी बोलावलेलं? कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी अंगठी शोधायचा खेळ निघाला. परातीत दुधाचं पाणी, त्यात नवऱ्याच्या आत्याबाई अंगठी टाकणार, नवरा-नवरीने एका हाताने शोधायची. तीन डाव. जिंकेल त्याचं घरात जन्मभर चालणार! पहिला डाव नवरदेवाने घेतला, दुसरा प्राजक्ताने.

"काका, मला जिंकायचंच आहे," ती माझ्या कानात कुजबुजली. "नाहीतर आत्या जन्मभर ऐकवतील." डोळे भरलेले हो पोरीचे! मला बघवेना.

"घाबरतेस काय? मी कशाला आहे?"

मी बोटातली अंगठी काढली, रुमालात गुंडाळली आणि "हात पूस गं बाळा" म्हणत तिला दिली. कुणाला संशय? छे!

आत्याबाईंनी परातीवर हात फिरवला. "टाकली!"

दोघांचे हात पाण्यात. आणि दोघंही एकदम ओरडली, "सापडली!"

दोघंही? नवरदेवाच्या मुठीतही अंगठी! त्याच्या शेजारी बसलेले त्याचे मामा छताकडे बघायला लागले.

"अरे, मी नुसती हूल दिली," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "अंगठी अजून माझ्याच हातात आहे."

मग चष्मा लावून त्यांनी प्राजक्ताच्या हातातली अंगठी उलटसुलट करून बघितली. "आत नाव कोरलंय. ही सुनंदा कोण?"

"मी," बायको म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अहो, आपल्या लग्नात तुम्ही तीनही डाव जिंकलेलात ना? सासूबाईंना अगदी चिकटून बसलेलात तेव्हा!"

मीही छताकडे बघायला लागलो. मामांनी सरकून मला जागा दिली.

तिसरा डाव पुन्हा झाला. प्राजक्ता सरळ खेळून जिंकली. म्हणजे माझी गरजच नव्हती!

"आता तुमचाही एकदा नीट होऊन जाऊ दे," म्हणत आत्याबाईंनी आम्हाला परातीपुढे बसवलं. तीनही डाव सुनंदाने घेतले.

अंगठी तेव्हापासून तिच्याकडेच आहे. परवा मागितली, तर पिठाची परात पुढे सरकवून म्हणाली, "शोधा."

घरी कणीक आता मीच मळतो.