डब्यांवरचं अक्षर

आर्किटेक्चरच्या स्पर्धांचा एक नियम मला फार आवडायचा आणि माझ्या मैत्रिणीला अजिबात आवडायचा नाही. शीटवर कुठंही नाव लिहायचं नाही, कोपऱ्यात फक्त एक नंबर टाकायचा. नाव दिसलं की प्रवेशिका बाद. मी म्हणायचे, बरं आहे की, कोणाची कोण, कुठल्या कॉलेजची, ही चौकशीच नको. ती म्हणायची, "येवढं मरमर करायचं आन् आपण केलं म्हणून सांगायचं बी नाय? हे कोणतं शहाणपण?"

आम्ही दोघी एकाच वर्गातल्या. कॉलेज संपलं आणि शहरातल्या दोन वेगवेगळ्या ऑफिसांत चिकटलो. तिथं आम्हाला आर्किटेक्ट म्हणायचे ते फक्त चहा सांगायचा असला तर. काम म्हणजे जिना इकडून तिकडं सरकवायचा, आणि मालकाच्या मेव्हण्याने हरकत घेतली की देवघराच्या मागे आलेला संडास दुसरीकडं न्यायचा. आपलं म्हणावं असं काही काढायचं असेल तर एकच वाट होती, स्पर्धा. म्हणून रविवारी सकाळी मी स्कूटी काढून पडेगावला तिच्या घरी जायचे.

घरात ती आणि तिची आई, दोघीच. आईंना मी मावशी म्हणायचे. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक. पत्रा तापला की आम्ही लॅपटॉप, कागद, पट्ट्या घेऊन खाली यायचो आणि थेट स्वयंपाकघरातल्या फरशीवर पसरायचो. मावशी एका शाळेत पोषण आहाराचं रांधायच्या. आठवडाभर दोनशे पोरांची खिचडी ढवळून रविवारी पुन्हा आम्हाला जेवायला वाढायच्या आणि आमच्या कागदांवरून उड्या मारत फोडणी टाकायच्या. "तुमचा महाल झाला का बांधून? मला चुलीपाशी जाऊ द्या," असं त्यांचं चालायचं.

पहिल्या स्पर्धेत आम्ही वेरूळच्या वाटेवर पायी जाणाऱ्यांसाठी एक विसावा काढला. कामाची वाटणी केली होती. एक शीट तिची, एक माझी. नंबर येणं दूरच, परीक्षकांचा शेरा तेवढा आला. दोन्ही शीट एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन माणसांनी केल्यासारख्या वाटतात, असा. आम्ही दोघी, ज्यांच्या तोंडाला दिवसभर कुलूप नसायचं! मी चार दिवस धुसफुसत होते, परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. तिने मात्र दोन्ही शीट भिंतीला टेकवून उभ्या केल्या, लांब जाऊन बघितल्या आणि म्हणाली, "खरंय गं त्यांचं. नुसतं अक्षर बघ ना."

अक्षराचं सांगायला हवं. आम्ही शीट मराठीत करायचो. हा तिचा हट्ट. गावासाठी काढतोय तर गावाला वाचता आलं पाहिजे. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशे काढायचो त्याचं आणि मराठीचं हाडवैर. वेलांटी भलतीकडे जायची, जोडाक्षरं फुटून पडायची. मग आम्ही नकाशा छापून घ्यायचो, मजकुराची जागा रिकामी ठेवायचो आणि तिथं हाताने लिहायचो. माझं अक्षर तिरकं आणि घाईचं. आमच्या घरी त्याला मुंग्यांची रांग म्हणायचे. तिचं गोल, उभं, ठाम. ती आधी पूर्ण शब्दाची वरची रेघ मारायची आणि मग एकेक अक्षर तिला टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं.

"तू माझ्यासारखं लिही," ती म्हणाली. मी म्हटलं, "का? तू माझ्यासारखं लिही." तर म्हणाली, "वाचणाऱ्यानं काय पाप केलंय?"

पुढची स्पर्धा लहान गावातल्या सार्वजनिक जागेची होती. मावशींचं माहेर पिशोर, म्हणून आम्ही पिशोरचा आठवडी बाजार घेतला. बाजाराच्या दिवशी मावशींनाही बरोबर नेलं. आपण लहानपणी आईशेजारी मेथीच्या जुड्या मांडून कुठं बसायचो ती जागा त्यांनी दाखवली. तिथं आता मोबाईलच्या कव्हरांचा गाडा होता. मावशी त्या गाड्यापाशी जरा वेळ उगाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "चला, भजे खाऊ."

त्या बाजारावरून आम्ही इतकं भांडलो की दोन रविवार मी गेलेच नाही. मला सगळ्यांवर एकच मोठं छप्पर हवं होतं, दिसायला देखणं. तिला विकायला बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर वेगळं, लहान छप्पर हवं होतं. "येकच छप्पर केलं का उद्या तिथं येकाच माणसाचं दुकान व्हतं," ती म्हणायची. शेवटी तिच्या छपरांना मी माझ्या पद्धतीने एकमेकांवर सरकवून बसवलं, आणि ते खरोखर छान दिसायला लागलं. त्यातलं तिचं किती आणि माझं किती हे आम्हालाही सांगता आलं नसतं. दोघींनी मिळून काढायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

अक्षराचा सराव आम्ही डब्यांवर केला. कागद वाया जातो, स्टीलच्या डब्यावर मार्करने लिहायचं आणि बिघडलं तर खोबरेल तेलाचं बोट फिरवून पुसायचं, ही तिची युक्ती. मावशींच्या मांडणीवरचे सगळे डबे आम्ही लिहून काढले. तूरडाळ, साबुदाणा, शेंगदाणे, गूळ. एक डबा ती, एक मी. ती माझ्या खांद्यावरून बघत बसायची आणि चूक काढायची. "तुझा ळ उपाशी दिसतोय. पोट दे त्याला." मावशी म्हणायच्या, "मला का डाळ वळखू येत नाय? उगा डबे काळे करून ऱ्हायल्या." पण पुसू द्यायच्या नाहीत. उन्हाळा सरता सरता माझा हात वळला. शेवटच्या शीटवर कुठला मजकूर कुणाचा हे तिलाही ओळखता येईना, तेव्हा तिने मला असा रट्टा दिला की मार्कर खाली पडला.

शीट पाठवल्या आणि पावसाळा संपता संपता तिला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला. मग दवाखाना, मग प्लेटलेट, मग रक्तासाठी धावाधाव. मी तिला शेवटची भेटले तेव्हा तिने निकालाचं विचारलं. मी म्हटलं, आधी तू उठ. ती उठली नाही. तिला जाऊन आता काही वर्षं झाली, पण हे वाक्य लिहिताना अजून मला तिचा राग येतो. कुणावर काढावा कळत नाही, म्हणून तिच्यावरच येतो.

दिवाळी उलटल्यावर निकाल लागला. बक्षीस नाही, पण उल्लेखनीय प्रवेशिकांमध्ये आमचा नंबर होता. खाली परीक्षकांचा शेरा होता: संपूर्ण मांडणी एकाच हातातून उतरल्यासारखी आहे. मी ऑफिसमध्ये होते. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. आम्हाला हवं होतं ते अगदी शब्दशः मिळालं होतं आणि मला ते सांगायला कोणीच नव्हतं.

त्यानंतर मला एक सवय लागली. मी उगाच लिहीत सुटायचे. किराण्याची यादी, साइटवरच्या भिंतीवर "इथं खिडकी", भाचीच्या वह्यांवर नाव. लिहिलं की तिचं अक्षर उमटायचं. मला वाटायचं, ती गेली खरी, पण तिचा हात माझ्या हातात राहिलाय. लोक फोटो जपतात, माझ्याकडे हे आहे. माझ्या त्या दिवसांतला एवढाच आधार होता आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता.

प्रमाणपत्र आलं तसं घेऊन मी पडेगावला गेले. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमले होते, त्यानंतर मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मावशींनी प्रमाणपत्रावरचं लेकीचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि बुद्धाच्या तसबिरीखाली, तिच्या फोटोला टेकवून ठेवलं. तिथं फोटोशेजारी एक डबा होता. त्यावर लिहिलं होतं, जवस.

मी स्वयंपाकघरात पाहिलं. मांडणीवरचे बाकीचे डबे लख्ख होते. ती दवाखान्यात असताना मदतीला आलेल्या कुठल्याशा नातेवाईक बाईने घर आवरता आवरता सगळे डबे घासून टाकले होते. बिचारीने चांगल्यासाठीच केलं. तेवढा जवसाचा डबा वरच्या फळीवर मागे राहिला म्हणून वाचला.

आणि तो डबा माझा होता. मला पक्कं आठवत होतं. ती फोनवर बोलत होती आणि तिचं लक्ष नाही असं बघून मी ते एका दमात लिहिलं होतं. मावशी लेकीचं अक्षर म्हणून रोज त्या डब्यापुढे दिवा लावत होत्या की काय? सांगावं? मी स्वतःलाच म्हटलं, काही सांगायचं नाही. ते तिचंच अक्षर आहे, फक्त माझ्या हातून आलेलं.

जेवणं झाल्यावर मावशींनी कपाटातून मार्कर काढून आणला. "बाकीच्या डब्यांवर लिहून दे, बाई. तिच्यावानी."

मी अगदी आनंदाने बसले. हे तर मला येत होतं. शेंगदाण्यांचा रिकामा डबा मांडीवर घेतला, आधी रेघ मारली, मग अक्षरं टांगली. मावशींनी डबा उजेडात धरला. मान हलवली. पदराच्या टोकाला खोबरेल लावून त्यांनी ते हळूच पुसलं.

"तिची रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढं जायची," त्या म्हणाल्या. "तुझी तिथंच थांबती."

मी पुन्हा लिहिलं, रेघ पुढं नेली. त्यांनी बघितलं. "आता मुद्दाम वढल्यावानी दिसतंय." पुन्हा पुसलं. मी पुन्हा लिहिलं. ज्या अक्षरात परीक्षकांना एकच हात दिसला होता, जे तिला स्वतःला वेगळं काढता येत नव्हतं, त्यात त्या एका नजरेत मला ओळखत होत्या. प्रत्येक वेळी माझं काहीतरी निघायचं. श चं पोट, काना जरा आखूड.

"मावशी," मी शेवटी म्हटलं, "तो जवसाचा डबा..."

"तुझा हाय. म्हायतीय मला," त्या म्हणाल्या. "तिचा येक बी ऱ्हायला नाय. तुझं त्यातल्या त्यात तिच्याजवळचं, म्हणून ठिवलाय."

मला वाटलं होतं मी त्यांच्यापासून काही लपवतेय. त्यांना तर पहिल्यापासून ठाऊक होतं, की तिचं माझ्याकडे काही राहिलेलं नाही. मी डबा खाली ठेवला आणि फरशीवर बसूनच रडले. त्यांनी मला रडू दिलं. स्वतः रडल्या नाहीत, शेंगदाण्यांतले खडे निवडत राहिल्या.

"ऱ्हाऊ दे आता," मग त्या म्हणाल्या. "तिच्यावानी नको. तुझं तुला आसंल की येखादं अक्षर. त्यात लिही. मला वाचाया येतंय."

मी मार्कर उचलला. माझं अक्षर. तिरकं होतं, घाईचं होतं, घरात त्याला मुंग्यांची रांग म्हणायचे, एवढं मला आठवत होतं. पण हात डब्यावर टेकला की आधी सरळ रेघच निघू बघायची. बघून आठवावं तर शाळेतल्या वह्या कधीच रद्दीत गेल्या होत्या. मावशी शेंगदाण्यांचं ताट घेऊन थांबल्या होत्या. मी रेघ न मारता श काढायला घेतला. तो तिचा नव्हता, आणि माझाही नव्हता.

"चालंल," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी डब्यात शेंगदाणे ओतले.