पडायचं काम

"जोरात टाका तिला. तिला काही होत नाही. ह्या लोकांना सवय असते."

कराटेचे सर हे इंग्रजीत म्हणाले. मला कळणार नाही असं त्यांना वाटलं असेल, किंवा कळलं तरी ही काय करणार, असं. बंगळूरच्या कोरमंगलातला तो हॉल भरलेला होता. भिंतीलगत खुर्च्या, खुर्च्यांवर मुलींचे आईबाप, एकाच्या हातात व्हिडिओ कॅमेरा. एका बाईंनी काळजीनं विचारलं होतं, ह्या मुलीला लागत तर नाही ना? त्यावर सरांचं हे उत्तर. लोक हसले. त्या बाईही हसल्या, सुटल्यासारख्या. मग सर माझ्याकडे वळले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "बीळु."

पड.

मी पडले. पडता पडता मीसुद्धा हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

तेव्हा मी पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला होते. शिवाजीनगरच्या मागच्या एका गल्लीत आमची खोली. एकाच मालकाच्या ओळीनं बांधलेल्या खोल्या, सगळ्यांत मिळून एक नळ. अप्पा शिंपी. आमची माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी ह्या गावात आली आणि शिवत बसली, ती अजून शिवतायत. मालकाचा मुलगा गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसायचा. आधी शीळ घालायचा. मग वाटेत पाय आडवा. मग एके दिवशी त्यानं माझी ओढणी धरली आणि सावकाश बोटाला गुंडाळत राहिला, मी रडेपर्यंत.

घरी सांगितलं. अप्पांनी मशीन थांबवलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ज्याच्या खोलीत राहतो त्याच्याच मुलाविरुद्ध बोलायचं कुणाकडे? म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्यापासून कॉलेज नको. मशीनवर बस."

झालं. गुन्हा त्याचा, शिक्षा मला, आणि शिक्षा देणारा माझाच बाप. मी जेवले नाही, बोलले नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी आईनं अप्पांकडून मुदत मागून घेतली. हिला कराटे शिकू दे, तिचं म्हणणं, अंगात धीर आला तर जाईल-येईल. नाहीच जमलं तर मशीन आहेच. असं माझं सगळं पुढचं आयुष्य एका क्लासवर येऊन टांगलं.

पैसे नसलेल्याला निवड नसते, निवडीतला अपमान मात्र सगळा मिळतो. शिवाजीनगरातच एका मोटारसायकलच्या गॅरेजवर, माडीवर, एक उस्ताद कुस्ती आणि मारामारी शिकवायचे. ज्याला जमेल ती फी. जमिनीवर काथ्या भरलेली पोती, त्यावर ताडपत्री. शिकणारे सगळे मेकॅनिक आणि हमाल. उस्ताद म्हणाले, मुलींची सोय नाही, आणि इथे लागतं. खरं सांगू? मला बरंच वाटलं. तेलाचा आणि घामाचा वास येणाऱ्या त्या खोलीत मला जायचंच नव्हतं. मला काचेचं दार हवं होतं.

काचेचं दार कोरमंगलात होतं. कॉलेज त्याच बाजूला, त्यामुळे बसचा पास चालायचा. टेबलावरच्या बाईंनी फीचा आकडा सांगितला, वर ड्रेसचे वेगळे, बेल्टच्या परीक्षेचे वेगळे. मी "येते" म्हणून वळले. तेवढ्यात सरांनी हाक मारली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी काटकुळी होते, उचलायला हलकी. म्हणाले, फी नको. मुलींना सरावासाठी टाकायला कुणीतरी लागतं. तू पडायचं. लवकर येऊन मॅट पुसायच्या. बघता बघता शिकशील.

मी त्यांच्या पायांना हात लावला.

कुणीतरी टाकून दिलेला पांढरा ड्रेस मला मिळाला, चांगलाच ढगळ. अप्पांनी तो मांडीवर घेतला आणि हातानं धावदोरा घालून आत घेतला. मशीन मारलं नाही. दुसऱ्याचा कपडा आहे, परत द्यायचाय, म्हणाले. तो घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा आईचे डोळे भरून आले होते.

पडणं शिकावं लागतं. हनुवटी छातीला, पाठ गोल, तळहात मॅटवर सपकन. आवाज मोठा यायला हवा, म्हणजे टाकणारीला वाटतं आपण काय जोरात टाकलं. मनगट धरलं की पडायचं. खांदा धरला की पडायचं. टाकणारीचा पाय चुकला तरी पडायचं, कारण ती फी भरणारी. त्या मुलींशी सर इंग्रजीत बोलायचे, चूक समजावून सांगायचे. माझ्यासाठी एकच शब्द होता. बीळु. मला टाकायला कधी शिकवणार, असं मी विचारलं की म्हणायचे, स्वल्प थांब. ते स्वल्प काही संपलं नाही.

मग तो दिवस आला. कॉलेजातून येत होते. कट्ट्यावरून तो उतरला, समोर आला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

मी पडले.

त्यानं ढकललं नव्हतं. ओढलंही नव्हतं. नुसतं धरलं होतं. आणि माझं अंग आपोआप गोल झालं, हनुवटी छातीला लागली, तळहात फरशीवर सपकन वाजला. अगदी शिकवल्याप्रमाणे. तो स्वतःच दचकला. मग इतका हसला की त्याला कट्ट्याचा आधार घ्यावा लागला. नळावर घागर भरणाऱ्या बायका बघत होत्या. मी तिथे पडलेली, आणि मला एकदम सगळं स्वच्छ कळलं. इतके महिने मी स्वतःला वाचवायला शिकत नव्हते. कुणी हात लावला की पडायचं, हेच माझ्या हाडांत भरलं होतं. आणि त्याबद्दल मी सरांच्या पायांना हात लावला होता. त्या रात्री मला मरावंसं वाटलं. हे मी वाढवून सांगत नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा आईबापांसमोर कार्यक्रम होता. मॅट मीच पुसल्या. एका डॉक्टरांची मुलगी, अनिता, समोर आली. स्वभावानं वाईट नव्हती. तिनं माझं मनगट धरलं, वळली, ओढलं. मी पाय रोवून उभी राहिले. तिनं परत ओढलं. मग कुजबुजली, पड ना, प्लीज.

"बीळु," सर म्हणाले.

मी उभीच.

"बीळम्मा." आता गोड आवाजात. आईबाप बघत होते.

मी म्हटलं, "नानु बीळल्ल." मी पडणार नाही.

सर हसत हसत पुढे आले, अनिताला बाजूला केलं आणि मला स्वतः टाकलं. मी अंग गोल केलं नाही. तळहात आपटला नाही. त्यांनी पाडली तशी पडले, खांद्यावर, आणि खांद्यात काहीतरी कडकन झालं. उठले. मी दुसरा हात पुढे केला आणि इंग्रजीत म्हटलं, "परत टाका. ह्या लोकांना सवय असते."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. लागत तर नाही ना, असं मागे विचारणाऱ्या त्या बाई आता पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. सर हळू आवाजात म्हणाले, ड्रेस ठेव आणि चालती हो.

बाथरूममध्ये कपडे बदलले. एका हातानं ड्रेसमधला अप्पांचा धावदोरा ओढून काढला, सगळा. कपडा सरांचा होता, ढगळ होता, तसाच त्यांच्या टेबलावर ठेवला. दोरा मुठीत घेऊन बाहेर पडले.

तिथून थेट गॅरेजवर. उस्तादांनी मला ओळखलं. सांगितलं होतं ना, म्हणाले, मुलींची सोय नाही. मी म्हटलं, "सोय नको. पडायला मला येतं. ते सोडून बाकीचं शिकवा." त्यांनी खांद्याकडे पाहिलं, आधी हाड बसवून घे म्हणाले, आणि मान हलवून नाही म्हणाले. मी म्हटलं, उद्या येते. त्यांनी दार लावलं.

सकाळी उठले तर अप्पांनी मशीनपाशी माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं होतं. क्लास सुटला म्हणजे कॉलेज सुटलं, तसंच ठरलं होतं. मी झोळी करून बांधलेला हात सावरत पुस्तकं उचलली. अप्पा म्हणाले, "तो बसलाय कट्ट्यावर."

"बसू दे," मी म्हटलं. अप्पांनी मशीन सुरू केलं नाही.

गल्लीत उतरले तेव्हा माझ्याकडे काहीही नव्हतं. एक हात चालत नव्हता. एक क्लास गेला होता, दुसऱ्याचं दार बंद होतं. भीती तेवढी होती, पोटभर. तो मला पाडू शकत होता, आज आणि रोज. पण आता त्याला पाडावं लागणार होतं, सगळा जोर लावून, नळावरच्या सगळ्या बायकांसमोर. नुसता हात लावून मी पडणार नव्हते. कॉलेजला जायचं ते ह्याच गल्लीतून, आणि परत यायचं ते उस्तादांच्या जिन्यावरून, दार उघडेपर्यंत.

तो कट्ट्यावरून उतरला. मी चालत राहिले.