उत्तमरावांची रेघ

उत्तमराव नामपल्ली स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. दर शनिवारी बरकतपुऱ्यातल्या आमच्या मराठी वाचनालयात येत, "जयभीम, बाई" म्हणत आणि एक कथासंग्रह, एक कवितेचं पुस्तक घेऊन जात. मी निवृत्त शिक्षिका. तिथलं काम फुकट करते, म्हणून वाटेल तेवढं बोलून घेते. उत्तमराव पुस्तकात पेन्सिलीनं रेघ मारायचे. गोष्ट संपायच्या पान-दोन पानं आधी, बारीकशी आडवी रेघ. मी झापलं की हसायचे. "खूण आहे बाई, पुसून टाकतो." पुसली मात्र कधीच नाही.

पुस्तकं बायकोसाठी असत. कोंडाबाईंना वाचता येत नव्हतं. नल्लकुंट्याच्या दोन खोल्यांत त्या भाकऱ्या थापत आणि उत्तमराव ड्युटीवरून आले की शेजारी बसून मोठ्यानं वाचत. चाळीस वर्षं हा नेम चालला. वर्षातून एकदा रेल्वेच्या पासवर त्यांना नांदेडकडे माहेरी नेऊन आणत. आमच्या यजमानांनी मला कधी औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचून दाखवला नाही. कोंडाबाईंचा मला हेवा वाटायचा, उगाच कशाला लपवू.

त्यांना मुलं दोन. रेणुका जालन्याला दिली होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी काविळीनं गेली, असं सासरहून कळलं. त्याला आता वीसेक वर्षं झाली. धाकटा आदर्श कंपनीत आहे. इंग्रजी शाळेत शिकला, मराठी बोलतो, वाचता येत नाही.

गेल्या वर्षी उत्तमराव वारले. पंधरा दिवसांनी कोंडाबाई त्यांनी नेलेलं शेवटचं पुस्तक घेऊन आल्या. "अर्धी गोष्ट ऱ्हायली बाई. पोराला येत न्हाई. तुमी वाचता का?"

मी वाचू लागले. नवऱ्याची वाट बघणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट होती. रेघेपाशी ती आजारी पडली होती. रेघेनंतर दोन पानांत ती मेली आणि नवरा तेराव्यालाही आला नाही.

कोंडाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "नीट वाचा की बाई. ह्यांच्या वाचण्यात कधी कुणी मेलं न्हाई."

चष्म्याचं निमित्त सांगून मी वेळ मारून नेली. त्या गेल्यावर कपाट उघडून उत्तमरावांनी नेलेली पुस्तकं काढली. सगळीकडे तेच. रेघेनंतर कुणी मरतं, कुणी सोडून जातं, कवितेत ताटातूट होते. पुस्तक आधी ऑफिसात वाचून ते रेघ मारून ठेवत असणार आणि घरी तिथून पुढचं मनानं रचून सांगत असणार. मी खुर्चीत बसून रडले.

फेब्रुवारीत वाचनालयात कार्यक्रम होता, 'प्रेम म्हणजे काय?' ज्यानं त्यानं कवितेतून किंवा गोष्टीतून उत्तर द्यायचं. रश्मी नावाच्या मुलीनं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी कविता मोबाइलवरून म्हटली. वकील रामचंद्रराव प्रेम म्हणजे त्याग असं अर्धा तास सांगत राहिले. मग मी उठले आणि उत्तमरावांची रेघ सांगितली. "प्रेमाची व्याख्या मला कुणी विचारली तर मी ही रेघ दाखवीन," असं म्हणाले. टाळ्या थांबेनात. मला माझंच कौतुक वाटत होतं. पहिल्या रांगेत, मीच आग्रहानं बोलावून बसवलेल्या कोंडाबाई होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या. साडीच्या दुकानाची जुनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत सात पत्रं होती.

"रेणुकाची हायेत. हीबी तेच वाचून दाखवायचे मला."

मी पहिलं उघडलं. वडिलांना ती दादा म्हणायची. "प्रिय दादा व आई, सप्रेम जयभीम. मी खुशाल आहे. इकडे पाऊस बरा आहे." इतकं वाचलं आणि पुढच्या ओळीआधी पेन्सिलीची बारीकशी आडवी रेघ दिसली. मी तिथंच थांबले.

"हौ, तेबी इथंच थांबून चष्मा पुसायचे," कोंडाबाई म्हणाल्या. "मग म्हनायचे, सासूनं पोरीला नवं लुगडं घेतलं, नवऱ्यानं जत्रेला नेलं."

रेघेखालचं मी डोळ्यांनी वाचून घेतलं होतं. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारी मी, जत्रेचंच काहीतरी जुळवू लागले. कोंडाबाईंनी पत्रावर हात ठेवला.

"तुमी नक्को बाई. हाय ते वाचा."

मी वाचलं. पट्ट्यानं मारलेलं वाचलं, दोन दिवस उपाशी कोंडलेलं वाचलं. सातवं पत्र ती जायच्या दीड महिना आधीचं होतं. "दादा, तुम्ही लिहिलंत की थोडं सोस, आईला कळलं तर ती खचेल. पण एवढं पत्र आईला पूर्ण वाचून दाखवा. आई, तू ये. तू दारात येऊन उभी राहिलीस तर हे मला सोडतील."

या ओळींच्याही वर तीच रेघ होती.

मला उत्तमरावांचा असा संताप आला की ते समोर असते तर मी त्यांना भेकड म्हटलं असतं. बायकोच्या डोळ्यांतलं पाणी बघवत नव्हतं त्यांना, एवढंच. आणि त्याला मी माइकवरून प्रेम म्हटलं होतं.

कोंडाबाई रडल्या नाहीत. त्यांनी पत्रांच्या होत्या तशा घड्या केल्या, पिशवीत ठेवल्या आणि पिशवी मांडीवर घेतली.

"जालन्याची गाडी रोज होती बाई," त्या म्हणाल्या. "आन् पास होता की आमच्याकडं."