पाठीतली तार

विजेला मी भितो, हे कुस्ती खेळत होतो तेव्हाही बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बल्ब बदलायचा तर ती स्टुलावर आणि मी दाराबाहेर. अशा माणसाच्या पाठीतच करंटची तार घालायची वेळ आली.

शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत सराव करताना मी असा आदळलो, की कंबरेखालचं सगळं गेलं. पायांना जाणीव उरली नाही, पण झटके असे यायचे की खुर्चीतून फेकून द्यायचे. एकदा लेकीला मांडीवर घेतलं आणि माझा गुडघा उसळून तिच्या हनुवटीला लागला. तेव्हापासून ती माझ्याशी लांबूनच बोलायची. चालायची आशा मी सोडली होती. मला तेवढी मांडी परत हवी होती.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पुण्याच्या डॉक्टरांनी मज्जारज्जूजवळ एक बारीक तार सरकवली आणि तिचं टोक कातडीबाहेर काढून कमरेच्या डबीला जोडलं. थोडे दिवस घरी राहून बघा, झटके थांबले तर यंत्र कायमचं आत बसवू, असं ते म्हणाले. तोवर वाकायचं नाही, अंग पिळायचं नाही, पाठीला कुणी हात लावायचा नाही. तार सरकली की सगळं मुसळ केरात.

पाय खरंच गप्प झाले. लेक मांडीवर येऊन बसली, आणि जीव मुठीत धरून बसलो तो मी. डबी चालू असली की कमरेच्या वर मुंग्या यायच्या. त्या जागच्या जागी आहेत ना, हे मी दिवसभर चाचपत राहायचो. भारनियमनात लाईट गेली की छातीत धस्स व्हायचं.

"अवो, सेलवर चालतंय त्ये," बायको म्हणायची. "तुमास्नी काय मीटरला जोडलंय व्हय?"

रविवारी आमचे वस्ताद आले, तेलाची वाटी घेऊन. पोरांना कुस्ती शिकवायची तीही त्यांनी आणि दुखावलेलं अंग चोळायचं तेही त्यांनी, अशी तालमीची रीत. त्या हाताला नको म्हणायचं नसतं. ऑपरेशनचं त्यांच्या कानावर होतं, तारेचं सांगायचं मात्र आम्हाला सुचलं नव्हतं. बायको पाणी आणायला आत गेली.

"पालथा हो," वस्ताद म्हणाले.

पोरवयापासून या शब्दांवर मी पालथा होत आलो होतो. डोक्यात विचार यायच्या आत हातांनी खाटेची कड धरली आणि मी धड पिळून उलटा झालो.

मुंग्या कमरेतून निघून बरगडीत गेल्या. मी ओरडणार, तेवढ्यात डावा पाय उसळला, मागोमाग उजवा.

"हालला! पाय हालला की रं!" वस्तादांनी वाटी टाकून माझं पाऊल छातीशी धरलं. म्हातारा हुंदके देऊन रडत होता. बायको तांब्या घेऊन दारात उभी होती. शेवटी तीच बोलली.

"वस्ताद, त्ये बरं झाल्यालं न्हवं. आतली तार सरकली."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सांडलेलं तेल फरशीवर पसरत होतं, ते पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

त्याच दुपारी गाडी करून पुण्याला निघालो. वस्ताद न विचारताच मागे चढून बसले आणि त्यांनी माझे पाय मांडीवर घेतले. दुसऱ्यांदा घातलेली तार टिकली, पण ते पुढचं. त्या गाडीत ते कुणाला माहीत होतं? झटका आला की वस्ताद दोन्ही हातांनी पाय दाबून धरायचे. तालमीत त्यांच्यासमोर कुणी 'भ्यालो' असं म्हटलं, तर ते मांड्या भरून येईपर्यंत बैठका मारायला लावायचे. साताऱ्याच्या अलीकडे मला राहवलं नाही.

"वस्ताद, भ्या वाटतंय."

"मला तर मगाधरनं वाटतंय," ते म्हणाले, आणि त्यांनी माझे पाय आणखी जवळ ओढून घेतले.