बाटलीचो वारो

शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच असतील. शाळा सातवीतच सुटली, तेव्हा सांभाळून घ्या. मालवणजवळच्या एका लहान दवाखान्यात मी मदतनीस आहे. इथले किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात आणि मला झोपू देत नाहीत!

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "सलाईन लावण्याआधी नळीतली सगळी हवा सोडायची. ती शिरेतून हृदयात गेली की माणूस गेला!" तेव्हापासून मला जिथे तिथे बुडबुडे दिसू लागले. बाजारात सोड्याची बाटली हातात धरून नुसता बघत राहिलो. दुकानदाराला भीती सांगितली तर तो म्हणाला, "पी रे मेल्या! ता पोटात जाता, शिरेत नाय!"

*

एकदा म्हातारे मास्तर इंजेक्शन घ्यायला आले. सिरिंजमधला एक बुडबुडा काही केल्या वर येईना. मी टिचक्या मारतोय, मारतोय. मास्तर दंड उघडा करून बसलेले. शेवटी म्हणाले, "टोचतलंस, की तबलोच वाजवतलंस?"

*

डॉक्टरांच्या सायकलचं चाक बसलं होतं. "हवा भरू?" मी दारातूनच विचारलं. आत ते सलाईन लावत होते.

"कुणाला?" ते ओरडलेच!

*

मसुऱ्याहून होडीने बाळंतीण सुलोचनाला आणलं. बाळ सुखरूप होतं, पण तिचं रक्त फार गेलं होतं. सलाईन भराभर जावं म्हणून डॉक्टर रबरी पंपाने काचेच्या बाटलीत हवा भरत होते. त्या घाईत बाटली कधी संपली ते कळलंच नाही.

सुलोचना एकदम खोकली, धापा टाकू लागली. ओठ निळे! डॉक्टरांनी झटकन नळीला चिमटा लावला, छातीवर स्टेथोस्कोप टेकवून ऐकलं. आत ताक घुसळल्यासारखा आवाज!

घाबरले की डॉक्टर मालवणीत बोलत. "वारो गेलो आत! डाव्या कुशीर घेवा! पायाकडसून खाट वर उचला!"

नर्सबाईंनी तिला वळवून ऑक्सिजन लावला. मी धावत जाऊन कुंपणाचे दोन दगडी चिरे आणले आणि खाटेच्या पायथ्याखाली सरकवले.

आमच्याकडे अंगात देव आला की वारो इलो म्हणतात. सुलोचनाच्या सासूबाईंनी दारातूनच हात जोडले. "खंयच्या देवाचो?"

"बाटलीचो!" डॉक्टर म्हणाले.

हृदयातली हवा पुढे फुफ्फुसाकडे सरकू नये म्हणून तिला तशीच ठेवली. हळूहळू ओठांना रंग आला. "बाळ खंय?" तिने विचारलं, तेव्हा डॉक्टर मटकन स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिरे काढायला गेलो. दोन्ही चिऱ्यांवर हळदकुंकू, वर जास्वंदीचं फूल. शेजारी सासूबाई.

"हात धुवन इलंस मा?"

मी मागे वळलो आणि हात धुऊन आलो.