शेवटच्या नळावरची पहिली घागर

वस्तीत आमचं घर शेवटचं. दारासमोर नळ होता, तरी आई पाण्याला ओढ्यात जायची. ओढा कसला, नुसती वाळू. तिथे हातानं झिरा उकरायचा, पाणी पाझरेपर्यंत कडेला बसायचं आणि नारळाच्या करवंटीनं ते घागरीत भरायचं. घागर अर्धी झाली की पाणी गढूळ. मग निवळेपर्यंत पुन्हा बसायचं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ती ओढ्याच्या दरडीवरून घसरली आणि गुडघा कायमचा दुखावला. तरी पाय ओढत झिऱ्यावर जाणं थांबलं नाही. वडील वारलेले, बहीण सासरी, मी नगरला. दुसरं कोण जाणार?

एकाहत्तर साली मी बी.ए. होऊन पारनेर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर परत आलो. घरी होतो तोवर घागरी मी आणल्या. पण नोकरी लागली की मी जाणार आणि करवंटी पुन्हा आईच्या हातात येणार, हे दिसत होतं. त्याआधी आमच्या नळाला पाणी आणायचंच, असं मी ठरवलं.

नळ वस्तीनंच वर्गणी काढून बसवले होते. विहिरीवर इंजन, शेजारच्या उंचवट्यावर दगडी टाकी, तिथून एक पाइप आणि वाटेवर चार नळ. पहिल्या तिन्ही नळांना पाणी यायचं. चौथा, आमचा, नारळ फोडला त्या दिवशी वाहिला आणि नंतर नुसता खोकायचा. "पाइपात वारा हाय," असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, खडा अडकलाय.

त्याच सुमारास इंजन चालवणारा माणूस मुंबईला गेला. विहीर ज्यांच्या रानात होती त्या आबांनी इंजनघराची किल्ली माझ्या हातात दिली. "शिकून रिकामाच हायेस. घे."

पहिल्या नळासमोर राहणाऱ्या काकू तिथेच होत्या. "आता बीए इंजन चालवनार! हँडल फिरवाया डिग्री लागती व्हय रं?"

"लागत नाही काकू. पण असली म्हणून अडतही नाही."

मला डिग्रीची लाज नव्हती. आमच्या घराण्यात अंगठा सोडून सही करणारा मीच पहिला.

दुसऱ्या दिवशी इंजन सुरू करून मी पाइपाच्या कडेनं चालत निघालो. तिन्ही नळ उघडे, खाली भांडी लावलेली, जवळ माणूस नाही. पाणी आलं की आपोआप भरेल, म्हणून बायका आदल्या संध्याकाळीच तोट्या उघड्या टाकून घागरी लावून ठेवायच्या. घागरी भरून वाहत होत्या आणि पाणी चिखलात जात होतं. आमच्या घराकडे जरा चढ होता. पाइप भरल्याशिवाय पाणी तो चढणार नव्हतं, आणि उघड्या तोट्यांमुळे पाइप कधी भरतच नव्हता. ना वारा होता, ना खडा.

वडील काही वर्षं प्रवरेच्या कालव्यावर पाटकऱ्याच्या हाताखाली होते. पाट सुटला की आधी शेवटच्या रानाला पाणी द्यायचं आणि मग एकेक करत वर यायचं, हे त्यांच्याकडून मी शंभरदा ऐकलेलं. तसंच इथे करायचं, असं मी आईला सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं.

"आजाबात न्हाई," ती म्हणाली. "किल्ली हातात आली आन् पैलं पानी सोताच्या दारात? लोक तोंडावर थुकतील. त्यापरीस माजा झिरा बरा."

तिचं खरं होतं. मारुतीच्या पारावर मी विषय काढला तेव्हा आबांनी पहिला प्रश्न तोच केला. "आन् शेवटचं घर कुनाचं रं?"

पार खो खो हसला. पण उत्तर मी तयार ठेवलं होतं. "नळ आमच्या दारात असला तरी पहिलं पाणी सगळ्यांचं. प्रत्येक घरानं पिण्याची एक घागर शेवटच्या नळावर भरायची. तोवर बाकीचे नळ बंद. मग तिसरा सोडायचा, मग दुसरा, मग पहिला."

"म्हंजे माज्या दारात नळ असून मी तुज्या दारात येऊ?" काकू कडाडल्या.

"एक घागर, काकू. आठ दिवस बघा. नाही जमलं तर किल्ली तुमच्याकडे."

"मला नगं ती ब्याद," काकू म्हणाल्या. त्यावर पुन्हा हसू झालं आणि आठ दिवस मला मिळाले.

सकाळी पहिल्या तिन्ही तोट्या बंद केल्या आणि टाकी काठोकाठ भरू दिली. सगळ्या बायका आमच्या दारात जमल्या होत्या, त्यामुळे त्या तोट्या उघडायला तिकडे कुणी उरलंच नव्हतं. मी टाकीचा व्हॉल्व्ह उघडून पळत घरी आलो. आमची तोटी उघडली. आधी फुसफुस वारा. मग काहीच नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात तोटी थरथरली, तांबूस पाण्याची एक गुळणी पडली आणि मनगटाएवढी स्वच्छ धार लागली.

आईनं पुढे होऊन काकूंची घागर धारेखाली लावली. "आमचं मागनं."

काकूंचं लक्ष ओसरीवरच्या खुंटीला अडकवलेल्या करवंटीकडे गेलं. "ही गं कशाला?"

"झिऱ्याला."

"पोरगं येईपातुर तूच जायचीस? असल्या पायानं?" काकूंनी आपली घागर बाजूला ओढली. "तुजी लाव आदी. मला काय घाई न्हाई." आणि मागे वळून बाकीच्यांवर खेकसल्या, "ढकलाढकली करू नगा गं, पानी पळून चाललंय का?"

आई तिथेच जोत्यावर बसली. मी तिला इतकं निवांत बसलेलं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांनी किल्लीचा विषय कुणी काढला नाही. काकूच रोज संध्याकाळी पहिल्या तिन्ही तोट्या बंद आहेत का ते बघत फिरायच्या आणि उघडी दिसली की त्या घराचा उद्धार करायच्या. पुढे मला नगरला नोकरी लागली. मी किल्ली आबांच्या थोरल्या सुनेकडे दिली आणि निर्धास्त गेलो.

बहात्तरच्या दुष्काळात विहीर तळाला गेली आणि टाकी निम्मीच भरू लागली. तरी पाणी शेवटच्या नळापासूनच सुटलं, आणि पिण्याची घागर प्रत्येक घराला मिळाली. आई पुन्हा झिऱ्यावर गेली नाही.